होपींची जुनी मातीची भांडी: जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनिक्स-टेंपीकडची आपली मंडळी ग्रँड कॅन्यनहून परतताना, किंवा कुणाच्या घरच्या इस्टेट सेलमधून, एखादं रंगवलेलं मातीचं भांडं घेऊन येतात. मग फोटो पाठवून विचारतात, "हे होपी आहे का? जुनं आहे का?" तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. फोटो पाठवणार असाल तर बुडाचा जरूर पाठवा. पुढून कितीही सुंदर दिसलं तरी भांड्याची खरी माहिती बुडाशी आणि आतल्या बाजूला असते.

१. होपी भांडी म्हणजे नक्की कुठली? ती करतं कोण?

होपी हे अमेरिकेतले मूळ आदिवासी लोक. ईशान्य अ‍ॅरिझोनात त्यांची गावं तीन सपाट माथ्याच्या डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत. या डोंगरांना फर्स्ट, सेकंड आणि थर्ड मेसा म्हणतात. रंगीत भांडी मुख्यतः फर्स्ट मेसाची: वर वाल्पी, सिचोमोवी आणि हानो, खाली पोलाका. सेकंड आणि थर्ड मेसाचं नाव टोपल्यांसाठी आहे.

हानो हे मुळात तेवा लोकांचं गाव. १६८० मध्ये प्युब्लो लोकांनी (गावं करून राहणाऱ्या इथल्या आदिवासी जमातींनी; होपी आणि तेवा त्यांतलेच) स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यानंतरच्या धामधुमीत, १७०० च्या सुमारास, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून तेवा कुटुंबं इथे येऊन वसली. 'होपी' म्हणून गाजलेल्या कितीतरी कुंभारणी या होपी-तेवा घरांतल्या आहेत. कुंभारणी म्हणते, कारण हे काम परंपरेने बायकांचं. आई लेकीला शिकवते आणि कूळही आईकडूनच चालतं. (अपवाद प्रश्न १६ मध्ये.)

२. "ऐतिहासिक" म्हणजे किती जुनं?

जमवणाऱ्यांच्या बोलीत ढोबळ तीन भाग पडतात. स्पॅनिश लोक येण्याआधीचं ते प्रागैतिहासिक. त्यात तेराशे-चौदाशेच्या शतकांतली पिवळी भांडी आणि सिक्यात्की या आता उजाड असलेल्या होपी गावाची रंगीत भांडी येतात. सतराव्या शतकापासून साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंतचं ते ऐतिहासिक. त्यानंतरचं आधुनिक. बाजारात प्रत्यक्ष जे हाती येतं ते बहुतेक १८८० ते १९४० या साठ वर्षांतलं असतं. रेल्वे आली, व्यापारी आले, प्रवासी आले आणि भांडी विकण्यासाठी घडू लागली, तो हा काळ.

३. माझं भांडं होपी आहे की दुसऱ्या कुठल्या प्युब्लोचं, हे कसं ओळखू?

नक्षीकडे नंतर बघा, आधी माती बघा. नक्षीची नक्कल कुणीही करू शकतो.

होपींची नेहमीची माती कच्ची असताना करडी असते आणि भाजल्यावर साईच्या रंगापासून मधासारख्या पिवळ्या आणि जर्दाळूच्या नारिंगीपर्यंत कुठलीही छटा घेते. दुसरी एक पिवळी माती आहे, ती भाजली की लाल होते. चांगल्या भांड्यावर बहुधा वरून लेप नसतो. मातीच गुळगुळीत गोट्याने घोटून चमकवलेली असते. म्हणून काठाचा एखादा टवका उडाला असेल तर आतही तोच पिवळा दिसतो.

आता आतून हात फिरवा. ही भांडी चाकावर होत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, आतून-बाहेरून खरवडून सारखी केलेली असतात. बोटांना हलके चढउतार लागतात. चाकाच्या एकसारख्या गोल रेघा लागल्या, साच्याचा उभा सांधा दिसला किंवा आत काचेसारखी चकाकी असली, तर ते भांडं होपी नाही.

रंग काळा-तपकिरी आणि लाल, कधी थोडा पांढरा. काळ्यासाठी मोहरीच्या कुळातल्या एका रानवनस्पतीचा पाला उकळून, आटवून घट्ट अर्क करतात आणि लोहयुक्त दगडावर तो उगाळून वापरतात. कुंचला युक्का या वाळवंटी वनस्पतीच्या पानाचा, टोक चावून धागे मोकळे केलेला. या कुंचल्याची रेघ ताणून, एका दमात ओढलेली दिसते. भिंगाखाली धरली तर रंगाचा दाट-विरळपणा कळतो.

अकोमा आणि झुनी या शेजारच्या प्युब्लोंच्या भांड्यांशी गल्लत होते ती अशी. अकोमाचं भांडं पातळ आणि हलकं, पांढऱ्या लेपावर रंगवलेलं. झुनीचंही पांढऱ्या लेपाचं. त्यावर तोंडापासून काळजापर्यंत बाण काढलेलं हरण असेल तर झुनीचा संशय आधी घ्या. सर्वांत जास्त फसगत मेक्सिकोतल्या माता ऑर्तिझ गावच्या भांड्यांनी होते. तीही हातानेच घडवतात आणि नक्षीही कधी सिक्यात्कीची आठवण करून देते. पण भिंत फारच पातळ आणि घडण डोळ्यांत भरेल इतकी काटेकोर असते, आणि ती परंपरा १९७० च्या आसपास बाजारात आली. तेव्हा "आजोबांनी १९२० मध्ये आणलेलं" ही गोष्ट तिथे जुळत नाही.

४. भांड्यावर एका बाजूला नारिंगी ढग, कुठे काळा डाग आहे. हा दोष आहे का?

नाही. होपी भांडी बंद भट्टीत नाही, उघड्यावर भाजतात. कोरड्या मेंढीशेणाच्या थापट्या खाली-भोवती रचायच्या, भांडी फुटक्या खापरांनी झाकायची आणि वर पुन्हा थापट्या. आपल्याकडे गोवऱ्यांचा आवा ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच डोळ्यांसमोर येईल. जिथे हवा जास्त मिळाली तिथे नारिंगी झाक, जिथे इंधन टेकलं तिथे काळा ठिपका.

माझ्याकडे एक ओंजळीएवढा वाडगा आहे. त्याच्या एका अंगाला पिकल्या आंब्यासारखी लाली आहे, ती नक्षीच्या पिसांवरून सरकत जाऊन दुसऱ्या अंगाला साईच्या रंगात विरते. त्या वाडग्यातलं मला सर्वांत आवडतं ते हेच. सगळीकडून अगदी एकसारखा पिवळा रंग असेल तर उलट जरा थांबा आणि प्रश्न ९ वाचा.

५. माझ्या भांड्यावर पांढरा लेप आहे आणि त्यात बारीक तडे. मग ते होपी नाही का?

असू शकतं, आणि असलं तर बहुधा जुनं. साधारण १७८० ते १९०० या काळातल्या होपी भांड्यांना 'पोलाका' प्रकार म्हणतात. त्यात पिवळ्या मातीवर पांढरा लेप देऊन नक्षी काढत. लेप आणि खालची माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून लेपाला जाळीसारखे तडे जातात. त्या काळातल्या नक्षीत झुनीची छाप स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात देवी आणि दुष्काळाने गांजलेली होपी कुटुंबं झुनीकडे आसऱ्याला गेली आणि परतताना तिथली नक्षी घेऊन आली.

पोलाका भांडी नाजूक फुलापानांची नसतात. पोट मोठं, रेघा जाड, कुठे लेप पोपडा होऊन उडालेला. नव्या संग्राहकांना ती आवडत नाहीत. मला वाटतं, होपी इतिहास हातात धरायचा असेल तर सुरुवात याच भांड्यांनी करावी.

(सगळीकडून पांढरी दिसणारी, पण गुळगुळीत आणि तडे नसलेली भांडी वेगळी. ती १९५० नंतरची. प्रश्न ८ पाहा.)

६. नाम्पेयो कोण? सगळीकडे हेच नाव का?

हानो गावची होपी-तेवा कुंभारीण, जन्म १८५९ च्या सुमारास, मृत्यू १९४२. आई तेवांच्या मका कुळातली, वडील वाल्पीच्या साप कुळातले. नावाचा अर्थ "न चावणारा साप" असा सांगतात. तिने सुरुवात पोलाका भांड्यांनीच केली. पुढे जवळच्या सिक्यात्की या उजाड गावातल्या खापरांवरची नक्षी तिने अभ्यासली, पांढरा लेप सोडून दिला आणि घोटलेल्या पिवळ्या मातीवर थेट रंगवायला लागली. आज आपण ज्याला "होपी शैली" म्हणतो ती मुख्यतः तिने आणि तिच्या लेकीबाळींनी घडवली.

१९०५ मध्ये आणि पुन्हा १९०७ मध्ये ती कुटुंबासह ग्रँड कॅन्यनच्या 'होपी हाऊस'मध्ये राहून प्रवाशांसमोर भांडी करत होती. पुढे तिची दृष्टी अधू झाली. हात मातीला सरावलेले होते, त्यामुळे घडवायची ती आणि रंगवायच्या अ‍ॅनी, नेली, फॅनी या लेकी. नवरा लेसू याचाही रंगकामाला हात लागत असे. म्हणून एकच भांडं दोघींचं असणं या घरात अगदी स्वाभाविक आहे.

७. बुडाला "नाम्पेयो" असं लिहिलंय. म्हणजे खुद्द तिचंच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. नाम्पेयो लिहिणं-वाचणं शिकली नव्हती. ती भांड्यावर सही करत नसे. "नाम्पेयो" असं नाव दिसलं तर तीन शक्यता असतात.

एक, तिने घडवलेलं आणि लेकीने रंगवलेलं उत्तरकाळचं भांडं, ज्यावर लेकीने आईचं नाव घातलं. दोन, लेकीचं किंवा नातीचं स्वतःचं भांडं. फॅनी (१९००–१९८७) आणि पुढच्या पिढ्यांनी 'नाम्पेयो' हे आडनावासारखं वापरलं. तीन, मालकाने किंवा विक्रेत्याने नंतर लिहिलेलं नाव.

तिसरी शक्यता तपासणं सोपं आहे. भाजण्याआधीची सही नक्षीच्याच रंगाने काढलेली असते आणि मातीत मुरलेली असते. नंतरची शाई किंवा पेन्सिल वर बसलेली दिसते, खरवडीच्या आणि झिजेच्या रेघांवरून उड्या मारत जाते. मी स्वतः एकदा घाईत असं भांडं घेतलं. घरी आणून भिंग लावलं तर बुडाच्या जुन्या झिजेवर अक्षरं ताजी होती. भांडं चांगलं होपीच होतं, पण ज्या नावाचे पैसे मोजले ते नाव त्याचं नव्हतं.

होपी हाऊसच्या दिवसांत तिच्या भांड्यांना तिच्या नावाची छोटी कागदी चिकटपट्टी लावत. ती सापडली तर महत्त्वाचा पुरावा आहे, काढू नका. मात्र कागद एका भांड्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, तेव्हा माती, आकार आणि नक्षीनेही तीच साक्ष द्यायला हवी.

८. सही नाही, किंवा नावाऐवजी बेडूक, पीस, फूल असं काहीतरी आहे. याचा अर्थ काय?

सही नसणं हा जुन्या भांड्यांचा नियमच आहे. सही करायची पद्धत १९३० नंतर रुजली. फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाने १९३० पासून होपी कारागिरांचं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं आणि कारागिराची ओळख भांड्यावर राहावी असा आग्रह धरला. त्यामुळे १९१० चं म्हणून विकलेल्या भांड्यावर ठळक सही असेल तर शंका घ्या. सही नाही म्हणून शंका घेऊ नका.

चित्रखुणांपैकी बेडूक म्हणजे पाक्वा नाहा, 'फ्रॉग वुमन', मृत्यू १९५५. तिची लेक जॉय नवासी हिनेही बेडूकच काढला. आईच्या बेडकाची बोटं आखूड आणि सुटी, लेकीच्या बेडकाचे पंजे पडदे असलेले. पीस म्हणजे हेलन नाहा, 'फेदर वुमन', पाक्वाची सून. फूल दिसलं तर सेडी अ‍ॅडम्सचं नाव आधी आठवावं. पाक्वाने आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत गुळगुळीत पांढऱ्या लेपाची भांडी सुरू केली, ती लेकीने आणि सुनेने पुढे नेली. हेलनच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीची प्रेरणा अवातोवी या उजाड होपी गावाच्या अवशेषांतल्या खापरांत आहे.

९. माझं भांडं खरंच सिक्यात्कीचं, पाचशे वर्षांचं आहे, की नाम्पेयोच्या काळातली पुनर्निर्मिती?

दोन्हींची नक्षी एकच असू शकते: पसरलेले पंख, गरुडाची शेपूट, वळणदार चोच. फरक भाजणीत सापडतो. सिक्यात्कीचे लोक दगडी कोळशावर भांडी भाजत. होपींच्या डोंगरांत कोळशाचे थर उघडे पडलेले आहेत आणि तो ते खणून काढत. आच कडक, म्हणून भांडं टणक, रंग समान पिवळा, आणि बोटाने टिचकी मारली तर खणखणीत नाद. मेंढ्या स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. पुढे कोळसा मागे पडला आणि शेणावर भाजणं सुरू झालं. शेणावरचं भांडं मऊ, त्याचा नाद बसका आणि अंगावर ते नारिंगी ढग.

माठ वाजवून घ्यायची सवय आपल्याला आहेच. पण इथे टिचकी हलकी मारा आणि भांडं तळहातावर मोकळं धरून मारा. बारीक तडा असेल तर कडक भाजलेलंही बद्द वाजतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नका.

सिक्यात्कीच्या वाडग्यांची नक्षी बहुधा आतल्या बाजूला असते. काठाखालून फिरणाऱ्या रेघेत एके ठिकाणी मुद्दाम सोडलेली फट असते, तीही शोधा. जमिनीत राहिलेल्या भांड्यावर मुळांचे ठसे आणि क्षारांचा पांढरा थर असतो. आणि समजा सगळ्या खुणा जुन्याच निघाल्या, तर आनंद होण्याआधी प्रश्न १२ वाचा.

१०. फ्यूक्सच्या उत्खननामुळे नाम्पेयोला ही नक्षी मिळाली, असं वाचलं. खरं?

अर्धंच. जेसी वॉल्टर फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने १८९५ मध्ये सिक्यात्की खणलं आणि लेसू त्याच्याकडे कामाला होता, हे खरं. पण त्याआधीच कीम्स कॅन्यनचा व्यापारी थॉमस कीम जुन्या नमुन्यांवरून भांडी करवून घेत होता आणि नाम्पेयो जुनी नक्षी वापरत होती. ती खापरं तिच्या गावाच्या आसपास विखुरलेली होती, लहानपणापासून पायाखालची. एका बाहेरच्या शास्त्रज्ञाने येऊन तिला तिचाच वारसा दाखवला, ही गोष्ट सोयीची आहे, म्हणून टिकली. १८९५ आधीचं भांडं सिक्यात्की शैलीचं असूच शकत नाही असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

११. चौकोनी फरशीवर मुखवट्यासारखा चेहरा रंगवलाय. ही पवित्र वस्तू आहे का? घरात ठेवणं चूक ठरेल?

अशा छोट्या फरश्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून विक्रीसाठीच केल्या गेल्या. वाडग्यांच्या आतही कात्सिनांचे, म्हणजे होपींच्या पूज्य आत्मरूपांचे, चेहरे रंगवून विकले गेले. तेव्हा नुसत्या चित्राने वस्तू निषिद्ध होत नाही.

विधीत वापरलेले खरे मुखवटे ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. होपी त्यांना जिवंत मानतात. २०१३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव होणार हे कळल्यावर होपींनी कडाडून विरोध केला, तरी लिलाव झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या लिलावात अ‍ॅननबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू विकत घेतल्या, त्यातल्या बहुतेक होपींना परत देण्यासाठी. आपल्या देवळातली मूर्ती परदेशातल्या लिलावात दिसली तर जे वाटतं, तेच त्यांना वाटलं. असा मुखवटा विकायला आला तर घेऊ नका.

१२. "खोदकामात मिळालेलं" भांडं विकायला आहे. घेतलं तर चालेल?

नाही. माझं मत इथे ठाम आहे. सिक्यात्कीसारख्या ठिकाणची अखंड भांडी बहुतेक कबरींतून आलेली आहेत, मेलेल्या माणसाशेजारी ठेवलेली.

कायदाही स्पष्ट आहे. सरकारी आणि आदिवासी जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं आणि तिची खरेदी-विक्री १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. कबरीतल्या आणि पवित्र वस्तूंना १९९० च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. विक्रेता म्हणेल, "खासगी जमिनीवरचं आहे." त्याला लेखी कागद मागा, जमिनीच्या नावासकट. कागद नसेल तर परत फिरा. फिरायला गेल्यावर वाटेत दिसलेलं खापरही उचलू नका. मुलांना बघू द्या, हातात घेऊ द्या, आणि जिथे होतं तिथेच ठेवू द्या.

१३. आम्ही भारतात परत जातोय. भांडं बरोबर नेता येईल का?

कारागिराने विक्रीसाठी केलेलं साधं भांडं नेण्यात अडचण नसावी. पावती जवळ ठेवा. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला, तो आदिवासी वारशाच्या संरक्षित वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालतो. भांडं खूप जुनं असेल किंवा त्याचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर निघण्याआधी चौकशी करा. प्रश्न १२ मधल्या प्रकारचं असेल तर नेऊच नका.

१४. दुरुस्ती केलेली आहे हे कसं कळेल? आणि धुवायचं कसं?

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा फिरवा. गोंद, भराव आणि नंतर दिलेला रंग बहुतेक वेळा वेगळा चमकतो. काठावरून बोट फिरवताना एखादा भाग जरा उबदार, मेणचट लागला तर तिथे भराव असू शकतो. माती थंड लागते. जुनी दुरुस्ती हा कलंक नाही, लपवलेली दुरुस्ती मात्र फसवणूक आहे.

धुवायचं नाही. ही माती पाणी पिते. ओलं फडकंसुद्धा घोटलेल्या भागावर डाग सोडतं आणि पांढरा लेप उचलतं. कोरडा, मऊ, रुंद कुंचला पुरे. तेल लावून "चमक आणणं" म्हणजे भांड्याचं कायमचं नुकसान. उचलताना काठाला धरू नका, दोन्ही तळहात बुडाखाली घाला. फुलं, पाणी, खाणं काहीही आत ठेवू नका.

१५. किंमत कशावर ठरते?

नक्षीचा हात, घोटाईची सफाई, आकार, अखंडपणा आणि पूर्वेतिहास. रुंद, चपट्या खांद्याचे मोठे घट दुर्मीळ, म्हणून महाग. फोटोवरून मी आकडा सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विसंबू नका. नवीन भांडं होपी नसताना होपी म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पावतीवर कारागिराचं नाव आणि जमात लिहून मागा.

१६. भांड्यावर पुरुषाची सही आहे, किंवा थर्ड मेसाचं म्हणतात. म्हणजे खोटं?

नाही. थर्ड मेसावरच्या ओरायबीची शिक्षिका पोलिंगेसी कोयावायमा, म्हणजेच एलिझाबेथ व्हाइट, हिने भांड्यावर उठावदार मक्याची कणसं घडवली. तिचा भाचा अल कोयावायमा तोच उठाव पुढे घेऊन गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाम्पेयो आणि ग्रेस चपेला यांच्या घराण्यांतले पुरुषही या कामात उतरले. पण १९२० च्या भांड्यावर पुरुषाची सही असेल तर प्रश्न ७ आणि ८ मधल्या चाचण्या लावा.

१७. डोळा तयार करायला खात्रीची भांडी कुठे बघायला मिळतील?

फ्लॅगस्टाफचं म्युझियम ऑफ नॉर्दर्न अ‍ॅरिझोना, फिनिक्सचं हर्ड म्युझियम, टुसॉनचं अ‍ॅरिझोना स्टेट म्युझियम. कीमचा जुना संग्रह हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आहे. आणि फर्स्ट मेसाला स्वतः जा. बऱ्याच घरांतून आजही कुंभारणी थेट विकतात. गावात फोटो, ध्वनिमुद्रण आणि चित्रं काढायलाही मनाई आहे, तेव्हा फोन गाडीतच ठेवा.